कुंदाताईंचं अपील

लखनऊच्या विकास नगरात आमच्या गल्लीत एकदा तिवारीजींची पांढरी गाडी रांगोळीत अडकली होती, ही गोष्ट तिथले लोक अजून सांगतात. ती अडकवली होती आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुंदाताई रामटेके यांनी.

तिवारीजी समोर राहायचे आणि गाडी मात्र आमच्या फाटकाशी लावायचे. रामटेके साहेब टेलिफोन खात्यातले, अगदी मऊ माणूस. रोज सकाळी ते आपली स्कूटर त्या गाडीच्या आणि भिंतीच्या फटीतून अंग चोरून काढायचे आणि दर दोन दिवसांनी आरसा मोडून घ्यायचे. कुंदाताई एकदा बोलायला गेल्या. तिवारीजी पान सावरत म्हणाले, "अरे भाभीजी, गाड़ी ही तो है, कोई तोप थोड़े ही रखी है!" कुंदाताई म्हणाल्या, "अच्छा," आणि हसून घरात आल्या. होळी गेली, उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. मला वाटलं, विसरल्या असतील.

"आमच्याकडे बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, दिवाळी आम्ही करत नाही," असं कुंदाताई आल्या-गेल्याला सांगायच्या. त्या वर्षी मात्र त्यांनी खास तिवारीजींसाठी दिवाळी केली. पहाटे उठून त्या गाडीच्या चहूबाजूंनी अशी रांगोळी घातली की गल्ली बघत राहिली. चार चाकांशी चार मोर, बॉनेटपुढे कमळ आणि सगळ्या कडेने पेटते दिवे. तिवारीजी सासुरवाडीला जेवायला निघाले तेव्हा गल्लीतल्या बायका फोटो काढत होत्या. सणाच्या दिवशी दिव्यांवरून गाडी घालायची कोणाची छाती होणार? तिवारीजींची बायको जरीच्या साडीत आणि तिवारीजी कडक शेरवानीत ई-रिक्षात बसून गोमती नगरला गेले. दुसऱ्या दिवसापासून गाडी त्यांच्या दाराशी लागायला लागली.

मी विचारलं, "कुंदाताई, एवढे महिने थांबलात?"

"मग काय जाधवभाऊ! तेव्हाच भांडले असते तर तो माझ्याशी भांडला असता. आता कोणाशी भांडून राहिला? रांगोळीशी?" असं म्हणून त्यांनी मूठभर फुटाणे तोंडात टाकले.

फुटाणे सदैव त्यांच्याजवळ असत. कुर्त्याच्या उजव्या खिशात फुटाणे, डाव्या खिशात शिट्टी. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, अंबाड्यावरून उन्हाची टोपी ओढलेल्या. एका शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. आवाज असा की जिन्यात बोलल्या तर आमच्या स्वयंपाकघरात भांडी ऐकायची. मी मूळचा साताऱ्याचा, हिशेबतपासणीच्या खात्यात आयुष्य गेलं, आणि साहेबाचा अपमान पाण्याबरोबर गिळायचा हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. त्यामुळे मला या बाईचं फार कौतुक. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "गिळायचं नाही, भाऊ. थुंकायचंही नाही. गालात धरून ठेवायचं." क्षमा वगैरे गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण आधी समोरच्याने हात जोडावेत, मग पाहू, असा हिशेब होता. माझी बायको म्हणायची, या बाईशी वैर नको रे बाबा.

खेळ त्यांचा बेसबॉल. नागपूरला कॉलेजात असताना त्या खेळल्या होत्या आणि लग्न होऊन लखनऊला आल्यावर हे खूळ त्यांनी इथे आणलं. लोकांना तो बिघडलेला क्रिकेट वाटायचा. शहराबाहेर बख्शी का तालाब या गावाच्या पुढे, हवाई दलाच्या तळाजवळ, एका पडीक तुकड्यावर त्या पंधरा-वीस मुली जमवून रोज सकाळी शिकवायच्या. डोक्यावरून विमान गेलं की त्यांचा आवाजसुद्धा पुरत नसे, म्हणून ती शिट्टी. शेजारच्या शेतात काकड्या होत्या. एकदा चेंडू तिकडे गेला तेव्हा शेतकऱ्याची मुलगी तणतणत उभी राहिली, "हमारी ककड़ी तोड़ दी आपने!" आणि रागाने तिने तो चेंडू शेताच्या पार टोकावरून फेकला. तो येऊन कुंदाताईंच्या हातमोज्यात असा बसला की त्यांना हात हलवावाही लागला नाही. ती शबनम. कुंदाताईंनी त्याच दिवशी तिच्या अब्बांच्या काकड्यांची भरपाई केली आणि पोरगी मागून घेतली.

एकदा त्यांची स्कूटर बिघडली म्हणून मी त्यांना गाडीने तिकडे सोडलं. वाटलं होतं, बॅट कशी धरायची ते शिकवत असतील. तर बाई मुलींना गोलात बसवून प्रश्न विचारत होत्या.

"दौड़ने वाली ने बेस नहीं छुआ. अंपायर ने देख लिया. अंपायर क्या करेगा?"

"चुप रहेगा!" सगळ्या मुली ओरडल्या.

"कब तक चुप रहेगा?"

"जब तक हम नहीं माँगेंगे!"

"और देर कर दी तो?"

"हक़ गया!"

मला हे काही झेपेना. परतताना मी विचारलं तर त्यांनी समजावून सांगितलं. चेंडू टोलवला की खेळाडूने मैदानातले चार बेस ओळीने शिवत घरी यायचं, म्हणजे एक धाव. एखादा बेस शिवायचा राहिला तर पंचाला ते दिसतं, पण तो स्वतःहून बोलत नाही. समोरच्या संघाने चेंडू त्या बेसवर टाकून अपील करायचं, तेव्हा तो बाद देतो. पुढचा चेंडू पडला, किंवा सामना संपून अपील करणारा संघ मैदानाबाहेर गेला, की अपील मेलं.

"हा कसला न्याय?" मी म्हणालो. "पंचाला दिसतंय तर सांगत का नाही?"

"तुमच्या हापिसात सांगतात का?" त्या म्हणाल्या. मी गिअर बदलला.

त्या मुलींत एक रिद्धिमाही होती. मोटारीतून यायची, नवे कोरे बूट, पण हात खरा होता. चेंडू बॅटीवर बसला की दिसेनासा व्हायचा. खोड एकच. टोला हाणला की ती चेंडूकडे आणि बघणाऱ्यांकडे बघत पळायची आणि पहिला बेस तिच्या पायाखाली येतायेता राहून जायचा. कुंदाताई सबंध मैदान हादरेल असं ओरडायच्या, "रिद्धिमा, पाँव! भैताड पोरगी, पाँव देख!" मग ती जीभ चावून परत यायची, बेस शिवायची आणि पुढे धावायची. हे इतक्यांदा चालायचं की मलासुद्धा ती हाक पाठ झाली होती. पण पोरीवर कुंदाताईंचा जीव होता. तिच्या डब्यातले पराठे त्या हक्काने खायच्या.

तिचे काका सक्सेना. खेळाच्या सामानाची दोन दुकानं, स्वतःचा क्लब, वर्तमानपत्रवाल्यांशी दोस्ती आणि तोंडावर कायम लखनवी अदबीची साय. एका सकाळी ते मैदानावर आले आणि म्हणाले, "मैडम, बच्ची है. इतना मत डाँटा कीजिए. बल्ला चलाना उसे आता है, पाँव तो सभी के होते हैं." दुसऱ्या दिवसापासून रिद्धिमा त्यांच्या क्लबात जायला लागली. तिथे तिच्यावर ओरडणारं कोणी नव्हतं. कुंदाताईंनी चार दिवस फुटाण्यांना हात लावला नाही, पण त्याबद्दल त्यांनी सक्सेनांना काही म्हटलं नाही. मुलगी त्यांची, नेली, एवढंच म्हणाल्या.

आणि मग ती लीग आली. मुलींची व्यावसायिक बेसबॉल लीग, देशात पहिल्यांदाच, आणि लखनऊचा स्वतःचा संघ: अवध शेरनी. ज्या शहराला बेसबॉलची बॅट फक्त गुंडांच्या हातात बघून माहीत होती ते शहर महिन्याभरात तज्ज्ञ झालं. आमच्या इथल्या कपूरथळ्याच्या चौकात होर्डिंग, ई-रिक्षांच्या पाठीवर पिवळी सिंहीण, एफएमवर गाणं. महानगर भागातला माझा न्हावी दाढी करताकरता सांगायचा की शेरनीला डावखुरी पिचर पाहिजेच. पिचर म्हणजे काय, ते मी त्याला विचारलं नाही. संभाव्य संघाच्या याद्या रोज नव्या फिरायच्या. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर, जिथे एरवी चिवड्याच्या ऑर्डरी यायच्या, तिथेही भांडणं लागली.

सक्सेना या संघाचे डायरेक्टर झाले. त्यांनी स्वतः कुंदाताईंना फोन केला, "मैडम, आपके बिना लखनऊ में बेसबॉल कहाँ?" मुख्य प्रशिक्षक म्हणून कुंदाताईंचं नाव पेपरात आलं. मी पेढे नेऊन दिले. रामटेके साहेबांनी तो पेपर दिवाणखान्यात असा ठेवला की येणाऱ्याच्या पायात यावा. शबनमसह चार मुली संघात जाणार हे धरूनच चाललं होतं. जाहिरातीसाठी सक्सेनांची माणसं बख्शी का तालाबला आली, दोन दिवस मुलींना पळवलं, घसरायला लावलं, धुळीत लोळवलं. शबनमच्या अब्बांच्या काकड्या कॅमेरावाल्यांनी तुडवल्या. त्यांनी तक्रार केली नाही. ते म्हणायचे, लड़की का नाम हो जाए. हा एक हंगाम खेळू दे, नाहीच जमलं तर खालासारखी, म्हणजे मावशीसारखी, घरी बसून चिकनचं भरतकाम करेल, असं त्यांनी ठरवलं होतं. शबनमला सुई हातात धरायची म्हटली तरी कापरं भरायचं.

संघ जाहीर करण्याचा समारंभ गोमती नगरच्या एका बड्या हॉटेलात होता. कुंदाताई आणि मुलींना मीच गाडीतून नेलं. मुली इस्त्रीचे सलवार-कुर्ते घालून आल्या होत्या. आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि कुंदाताईंच्या हातात 'विशेष अतिथी' असं कार्ड दिलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग धूर, लाल-निळे दिवे, ढोल, आणि एकेका खेळाडूचं नाव. मुख्य प्रशिक्षक म्हणून दिल्लीचे कोणी ब्लेझरवाले गृहस्थ मंचावर चढले. नावं संपली. आमच्या रांगेतली एकही मुलगी उठली नव्हती. रिद्धिमा कर्णधार.

मंचाच्या मागे भिंतभर चित्र होतं, धूळ उडवत बेसकडे घसरत येणारी खेळाडू. चेहरा रिद्धिमाचा. शबनम माझ्या शेजारी बसली होती. ती बराच वेळ त्या चित्राकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "अंकल, ये तो मेरा घुटना है."

मी बघितलं. उजव्या गुडघ्यावर निळं ठिगळ होतं, तिच्या अम्मीने लावलेलं. सक्सेनांच्या लोकांनी पोरीचं अंग ठेवलं होतं आणि मानेवरचं डोकं बदललं होतं. मला इतका संताप आला की उठून तो पडदा ओढून काढावा असं वाटलं. अर्थात मी उठलो नाही.

कुंदाताई उठल्या. सक्सेना हातात कबाबची प्लेट घेऊन पाहुण्यांत उभे होते. मी मागोमाग गेलो.

"साहब, मेरी लड़कियाँ?"

"अरे मैडम, आइए, कुछ लीजिए न," सक्सेना म्हणाले. "देखिए, प्रोफ़ेशनल मामला है. स्पॉन्सर चेहरा भी देखते हैं, अंग्रेज़ी भी देखते हैं. अब आप लोगों का तो... चलिए, आपको मेंटॉर-वेंटॉर कुछ बना देंगे. और ये लड़कियाँ खेत की हैं, खेत में अच्छी लगती हैं."

शबनम आमच्या मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं.

कुंदाताई म्हणाल्या, "अच्छा." दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि वळल्या. तो 'अच्छा' मी तिवारीजींच्या वेळी ऐकला होता. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

गाडीत शबनमने विचारलं, "मैम, अब?"

"अब खाना खाओ," कुंदाताई म्हणाल्या आणि मला कपूरथळ्याला छोले-भटुऱ्यांच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली.

घरी पोचल्यावर त्यांनी माधुरीला फोन लावला. माधुरी त्यांची कॉलेजातली मैत्रीण, आता लीगमधल्या नागपूरच्या संघाची प्रशिक्षक. तिचा संघ जवळजवळ भरला होता. पिचरची, म्हणजे चेंडू फेकणारीची, एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी भिलाईची एक मुलगी आधीच हजर होती. माधुरी म्हणाली, पाठव तुझ्या पोरीला, पण शब्द देत नाही. लीगच्या आधी सगळे संघ सरावाचे सामने खेळणार होते, त्यानंतर माधुरीचा अंतिम संघ ठरायचा होता. नागपूरचा सामना लखनऊलाच होता, अवध शेरनीशी. कुंदाताई स्वतः मदतनीस प्रशिक्षक म्हणून बिनपगारी गेल्या. रामटेके साहेबांना त्यांनी डाळ-भात करायला शिकवलं आणि शबनमला घेऊन नागपूरची गाडी धरली.

तिथून मला कधीमधी फोन यायचा. सक्सेनांचं नाव त्या घेत नसत. एकदाच म्हणाल्या, "भाऊ, शबनमचं नाव मला लखनऊच्या स्पीकरवर ऐकायचं आहे. त्याच्या स्पीकरवर. बाकी काही नको." भिलाईची मुलगी चांगली होती, हेही त्यांनी लपवलं नाही. लखनऊच्या सामन्यावर सगळं होतं.

सामन्याच्या दिवशी छान ऊन होतं. तिकीट फुकट, म्हणून स्टँड भरलेले. वर ड्रोन फिरत होता, समोसे येत होते, दर दोन मिनिटांनी ते सिंहिणीचं गाणं वाजत होतं. रामटेके साहेब, मी आणि शबनमचे अब्बा कठड्याला लागून, नागपूरच्या बाकाच्या मागेच बसलो होतो. अब्बांना खेळातलं काही कळत नव्हतं. टाळ्या वाजल्या की ते माझ्याकडे बघायचे, मी मान हलवली की तेही वाजवायचे.

शेवटचा डाव आला तेव्हा नागपूर एका धावेने पुढे होतं. माधुरीने शबनमला चेंडू दिला. तीन बाद झाल्या की डाव संपतो. पोरीने पहिल्या दोघींना बाद करून परत पाठवलं. तिसरी चकवून पहिल्या बेसवर पोचली. आता एक बाद केली की सामना नागपूरचा आणि जागा शबनमची. बॅट घेऊन रिद्धिमा आली.

शबनमचा चेंडू वाईट नव्हता. पण रिद्धिमाने तो असा मारला की वर बघणाऱ्यांच्या माना दुखाव्यात. चेंडू मैदानाच्या बाहेर गेला. म्हणजे दोघी घरी, दोन धावा, सामना लखनऊचा. स्टँड उठून उभे राहिले. रिद्धिमा हात पसरून, काकांच्या शामियान्याकडे बघत मैदानाची फेरी मारून घरी पोचली. अब्बांनी माझ्याकडे बघितलं आणि मला मान हलवता येईना.

तेवढ्यात कुंदाताईंचा आवाज आला, आणि तोही मराठीत. "कोणी बाहेर यायचं नाही! जागेवर उभ्या राहा सगळ्या!"

नागपूरच्या मुली जागच्या जागी थांबल्या. एक जण रडत बाकाकडे निघाली होती, तिला माधुरीने हाताने मागे ढकललं. शबनम मधोमध उभी होती आणि तिची नजर कुंदाताईंवरून हलत नव्हती. लोकांना वाटलं, पोरींना धक्का बसलाय. मलाही तेच वाटलं. मग माझं लक्ष पंचाकडे गेलं. सामना संपला होता, पण म्हातारा पंच हात मागे बांधून होता तिथेच उभा होता.

मी कठड्यावरून वाकून विचारलं, "कुंदाताई, पाय?"

"पाय," त्या म्हणाल्या. "वीतभर राहिला."

"अगं मग कर ना अपील!" माधुरी कासावीस झाली होती. "एखादी पोरगी चुकून बाहेर आली न, तर सगळं जाईल."

"थांब जरा. केक कापू दे त्याला."

केक खरंच होता. पिवळा, सिंहिणीच्या तोंडाचा, चौघांनी उचलून आणलेला. रंगीत कागद उडाले, धूर सुटला, गाणं लागलं. सक्सेना मैदानात उतरले, कोणी तरी त्यांना हार घातला, आणि त्यांनी माइक घेतला. "लखनऊ वालो! हमने यह टीम एक-एक खिलाड़ी चुनकर बनाई है! लोग पूछते थे, इसको क्यों लिया, उसको क्यों नहीं लिया. आज जवाब मिल गया!" टाळ्या. त्यांनी केक कापला, रिद्धिमाच्या तोंडात घास घातला, उरलेला तिच्या गालांना फासला. सगळे कॅमेरे तिकडे होते. कुंदाताई बाकावर बसून फुटाणे खात होत्या. सक्सेनांनी रिद्धिमाचा हात धरून हवेत उंच केला, तेव्हा कुंदाताईंनी हात झटकले, उभ्या राहिल्या आणि शबनमला नुसती मान हलवून खूण केली.

शबनमने पंचाकडे चेंडू मागितला. त्याने लगेच खिशातून काढून दिला, जणू तो त्याचीच वाट बघत होता. तिने शांतपणे पहिल्या बेसवरच्या मुलीकडे फेकला. मुलीने बेसवर पाय ठेवला आणि चेंडू वर धरला.

"अपील, सर!" शबनम ओरडली. "बेस नहीं छुआ!"

पंचाने मूठ हवेत उगारली. बाद. टोलवणारी पहिल्या बेसवरच तिसरी बाद झाली की त्या टोल्यावर कोणाचीच धाव धरत नाहीत, म्हणून दोन्ही धावा पुसल्या गेल्या आणि नागपूर जिंकलं. एकेका स्टँडला हे कळत गेलं तसतसा आवाज बसत गेला. गाणं मात्र चालूच होतं.

सक्सेना गळ्यात हार घेऊन पळत आले. "ये क्या मज़ाक है? दोस्ताना मैच था! इतनी देर बाद?"

"अपील वक़्त पर हुई है, सर," पंच म्हणाला. "टीम मैदान में ही खड़ी थी."

"मैडम, आपने जान-बूझकर..."

"जी," कुंदाताई म्हणाल्या. "जान-बूझकर."

मग त्या निवेदकाच्या टेबलापाशी गेल्या. तो बिचारा आता काय बोलावं या विवंचनेत होता. त्यांनी त्याला सांगितलं की निकाल नीट सांगायचा, अपील कोणी केलं ते नावानिशी, आणि गाणं बंद करून. तो सक्सेनांकडे बघायला लागला. "उधर मत देखो, बेटा. अंपायर की तरफ़ देखो," कुंदाताई म्हणाल्या. पंचाने मान डोलावली. गाणं बंद झालं. सगळ्या मैदानावर आवाज घुमला: नागपूरची पिचर, लखनऊ, बख्शी का तालाबची शबनम बानो, हिच्या अपीलवर खेळाडू बाद, सामना नागपूरचा.

अब्बांना तेवढं कळलं. ते उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता टाळ्या वाजवायला लागले. रामटेके साहेब चष्मा पुसत होते. माझं म्हणाल तर मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी नोकराला न शोभणारी आरोळी ठोकली. माधुरीने शबनमच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "घर जाके सामान बाँध ले. तू पक्की." पोरगी रडायला लागली.

कुंदाताई तिच्याकडे निघाल्या होत्या. वाटेत रिद्धिमा आडवी आली. गालांवर केक तसाच होता आणि त्यातून डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं.

"मैम, आपने देख लिया था न?"

"हाँ."

"पहले तो आप चिल्लाती थीं." ती म्हणाली. "आज भी एक बार चिल्ला देतीं तो मैं लौटकर छू लेती. आपको पता है मैं लौट आती."

"पता है," कुंदाताई म्हणाल्या. "पर तब तू मेरी थी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, मला हवा होता तो विजयही नव्हता. क्षणभर वाटलं, त्या पदराने, म्हणजे ओढणीने, पोरीचं तोंड पुसतील. हात वर गेलाही होता. पण कठड्याशी सक्सेना उभे होते, हार अजून गळ्यात. कुंदाताईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, हात खाली घेतला आणि सरळ शबनमकडे चालत गेल्या. त्याच संध्याकाळी त्या संघाबरोबर नागपूरला गेल्या. हंगाम संपल्यावर रामटेके साहेबांनीही बिऱ्हाड तिकडे हलवलं. माझ्या डोळ्यांपुढे त्या राहिल्या आहेत त्या पाठमोऱ्याच, उन्हाच्या टोपीतल्या, त्या मैदानावरून जाताना.

त्या जात होत्या तेव्हा लोक उठून फाटकाकडे निघाले होते. रिद्धिमा एकटीच पहिल्या बेसपाशी गेली. जरा वेळ खाली बघत राहिली आणि मग तिने त्याच्यावर पाय ठेवला, नीट, मधोमध. मान वर करून तिने कुंदाताईंकडे बघितलं.

कुंदाताईंनी वळून पाहिलं नाही.